कंट्रोलर घेण्याआधी प्लेट उलटी करून बघा

प्रश्न थोडक्यात असा. अकोले तालुक्यात डोंगराच्या कडेला शेतघर, विजेची जोडणी नाही. गोठ्याच्या पत्र्यावर ३३५ वॉटच्या दोन सोलर प्लेटा, तिथून पंचवीस मीटरवर खोली. खोलीत १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक ट्यूब्युलर बॅटरी, १२ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि ‘एमपीपीटी ३० अँपिअर’ छापलेला निळा कंट्रोलर, म्हणजे प्लेटांकडून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणारा डबा. त्यावर चार एलईडी, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दोन कॅमेरे, वायफायचा राउटर, कधीमधी टीव्ही. दिवसभर कडक ऊन असलं तरी पहाटे चारला इन्व्हर्टर ओरडायला लागतो आणि मुक्कामाला असलेल्या वडिलांची झोप मोडते. दुकानदार म्हणतो, ६० अँपिअरचा कंट्रोलर टाका. टाकावा का?

नका टाकू. तुम्हाला खरा एमपीपीटी, म्हणजे प्लेटचं जादा व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलून देणारा कंट्रोलर हवाय, पण साठचा नाही. माझ्या हिशोबानं १५० व्होल्टचा, ३५ अँपिअरच्या आसपासचा पुरे. यातला ‘१५०’ हा आकडा ‘३५’पेक्षा महत्त्वाचा आहे, आणि दुकानात त्याबद्दल तुम्हाला कुणीच बोललेलं दिसत नाही. मात्र पैसे घालवण्याआधी एक साधी चाचणी करा.

सकाळी दहा-अकराच्या सुमारास, बॅटरी अजून भुकेली असताना, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि कंट्रोलरच्या प्लेटकडच्या दोन स्क्रूंवर पिना टेकवा. मग बॅटरीकडच्या दोन स्क्रूंवर टेकवा. दोन्हीकडे साधारण सारखंच, १३ च्या आसपास, दिसलं तर तो डबा पीडब्ल्यूएम, म्हणजे साधा स्विचवाला आहे, वर काहीही छापलेलं असो. प्लेटकडे ३४ ते ३८ आणि बॅटरीकडे १३ दिसलं, तर एमपीपीटी खरा. चाचणी दुपारी तीनला करू नका. बॅटरी भरत आली की पीडब्ल्यूएमसुद्धा प्लेट चालू-बंद करत राहतो आणि प्लेटकडचं रीडिंग वर चढतं, तेव्हा फसगत होते.

हजाराच्या आतल्या निळ्या डब्यांपैकी मी जेवढे उघडलेत, त्यातल्या एकातही तांब्याची जाड कॉइल सापडलेली नाही. व्होल्टेज उतरवून अँपिअर वाढवायचे तर कॉइल लागते, तिची उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमची जाड पाठ लागते, म्हणजे वजन आलंच. ३० अँपिअरचा खरा एमपीपीटी हातात घेतला की विटेच्या तुकड्यासारखा लागतो. तुमचा डबा मोबाइलइतका हलका असेल तर मल्टिमीटरसुद्धा नको.

आता प्लेट उलटी करा. पाठीवरच्या लेबलावर वॉटखाली चार आकडे असतात. ३३५ वॉटच्या ७२ सेलवाल्या प्लेटवर ते साधारण असे: काम करतानाचं व्होल्टेज ३७.६, काम करतानाचा करंट ८.९ अँपिअर, उघड्या वायरचं व्होल्टेज ४६, शॉर्ट केल्यावरचा करंट ९.४. अख्खी निवड या चार आकड्यांत आणि बॅटरीच्या एएचमध्ये आहे. वॉट हा यातला सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा, आणि दुकानात फक्त तोच बोलला जातो.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे प्लेट आणि बॅटरी यांच्यामधला एक भराभर उघडझाप करणारा स्विच. तो चालू झाला की दोघी एका जुवाखाली येतात. उंच बैल आणि बुटका बैल एका जुवाला जुंपले की उंचाला मान वाकवून चालावं लागतं, तशी ३७ व्होल्टची प्लेट बॅटरीच्या १३ व्होल्टवर येऊन बसते. करंट मात्र ८.९ च राहतो. म्हणजे ८.९ गुणिले १३, साधारण ११६ वॉट. ३३५ ची प्लेट तुम्हाला ११६ ची मिळतेय, दोन मिळून २३२. उरलेले वॉट कुठे हरवत नाहीत, ते प्लेटमधून निघतच नाहीत. एमपीपीटी प्लेटला तिच्या ३७ व्होल्टवर काम करू देतो आणि पुढे व्होल्ट कमी करून अँपिअर वाढवून बॅटरीला देतो.

दिवसाचा हिशोब मांडू. आपल्याकडे हिवाळा-उन्हाळ्यात पूर्ण उन्हाचे पाच तास धरायला हरकत नाही. पीडब्ल्यूएमवर २३२ गुणिले पाच, म्हणजे ११६० वॉट-तास. एमपीपीटीवर ६७० गुणिले पाच, त्यातून उष्णता, धूळ, वायर आणि कंट्रोलर यांचे ३० टक्के वजा केले तरी २३०० च्या पुढे. त्याच प्लेटा, तेच ऊन, मिळकत दुप्पट.

खर्चाची बाजू बघा. चार दिवे नऊ-नऊ वॉटचे, पाच तास: १८०. दोन पंखे २८ वॉटचे, आठ तास: ४५०. कॅमेरे आणि राउटर मिळून वीसेक वॉट, पण चोवीस तास: ४८०. टीव्ही-मोबाइल: १००. बेरीज १२१०, म्हणजे सध्याच्या मिळकतीपेक्षा जरा जास्त. पण एक खाणारा तुमच्या यादीत नाही, तो म्हणजे इन्व्हर्टर. काही न लावता नुसता चालू ठेवला तरी असा छोटा इन्व्हर्टर सहज १५ वॉट खातो. चोवीस तासांचे ३६०. झाले १५७०. बॅटरीत भरताना आणि काढताना जी गळती होते ती वेगळीच. रोज ११६० घालायचे आणि १५७० काढायचे, म्हणजे पहाटे चारला ओरड व्हायचीच.

म्हणून कंट्रोलरसोबत एक काम जवळजवळ फुकटात करा. कॅमेरे आणि राउटर बहुतेक १२ व्होल्ट डीसीवरच चालतात, भिंतीतला अडॅप्टर काढून त्यावरचं लेबल वाचा. १२ असेल तर बॅटरीवरून थेट द्या. मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा डीसी कन्व्हर्टर मात्र हवा, कारण बॅटरी चार्जिंगच्या वेळी साडेचौदापर्यंत जाते. कॅमेरे इन्व्हर्टरवरून उतरले की दिवसा इन्व्हर्टर बंद ठेवता येतो. बारा तास बंद म्हणजे १८० वॉट-तास वाचले, तुमच्या चारही दिव्यांच्या एका रात्रीइतके.

आता अँपिअर. ६७० वॉट भागिले १२ केलं की ५६ येतात, दुकानदाराचे साठ तिथूनच आलेत. भागाकार बरोबर आहे, पण बॅटरी विसरलीय. १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीला रोजचं चार्जिंग एएचच्या दहा टक्क्यांनी, म्हणजे १५ अँपिअरनं मानवतं. वीस टक्के, म्हणजे ३० अँपिअर, ही वरची हद्द समजा. त्यापुढे ढकलत राहिलात तर बॅटरी तापते, पाणी उडतं, बॅटरीतल्या प्लेटा खराब व्हायला लागतात. तुमच्या दोन पॅनलमधून भर दुपारी प्रत्यक्षात पाचशे-सव्वापाचशे वॉट येतील, म्हणजे ३८ अँपिअरच्या आसपास. साठचा कंट्रोलर ते सगळेच्या सगळे बॅटरीच्या घशात घालेल. पस्तीसचा घेऊन सेटिंगमध्ये ३० ची मर्यादा घातली की दुपारचे एक-दोन तास थोडं ऊन वाया जाईल, बाकी दिवसभर काहीच फरक पडणार नाही. चांगला एमपीपीटी अँपिअर जास्त होतायत असं दिसलं की स्वतःला आवरतो, त्याला इजा होत नाही. मर्यादा सेट करता येते का, हे मात्र घेताना विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये ती सोयच नसते.

पुढे दुसरी बॅटरी घ्यायचा विचार असेल तर २४ व्होल्टवर जाणं चांगलं. करंट निम्मा होतो, वायर बारीक चालते, कंट्रोलर अर्ध्या ओझ्यानं चालतो. पण मग इन्व्हर्टरही २४ चा लागेल आणि दोन्ही बॅटऱ्या एका वयाच्या हव्यात. चार वर्षं राबलेल्या बॅटरीला नवी जोडीदारीण दिली तर वर्षभरात दोन्ही बसतात.

व्होल्टचं तसं नाही. अँपिअरला कंट्रोलर आवरू शकतो, जादा व्होल्टेजला नाही. मर्यादेच्या वर गेलं की आतले मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) जातात आणि वॉरंटीतही ते बसत नाही. कंट्रोलरच्या नावात दोन आकडे असतात. व्हिक्ट्रॉनच्या १००/२० मध्ये पहिला प्लेटकडून चालणारं जास्तीत जास्त व्होल्टेज, दुसरा बॅटरीकडे जाणारे जास्तीत जास्त अँपिअर. बाकी कंपन्याही हे दोन आकडे कुठे ना कुठे छापतातच, ते शोधून काढा.

तुमच्या दोन प्लेटा सीरिजमध्ये, म्हणजे एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस, अशा जोडल्या तर उघड्या वायरचं व्होल्टेज ४६ अधिक ४६, म्हणजे ९२. शंभरच्या आत, म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण लेबलावरचा आकडा सेलचं तापमान २५ अंश असतानाचा असतो. थंडीत व्होल्टेज वाढतं, दर अंशाला सुमारे ०.३ टक्के. पहाटे पारा ५ अंशांवर आला, म्हणजे २० अंश खाली, की सहा टक्के वाढ. ९२ चे साडेसत्त्याण्णव झाले. तुमच्या डोंगरपट्ट्यात किंवा निफाडकडे ही थंडी नवलाची नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी इगतपुरीकडच्या एका शेतघरात मी स्वतः मोनो प्रकारच्या दोन मोठ्या प्लेटा सीरिजमध्ये लावल्या होत्या. लेबलावर साडेअठ्ठेचाळीस-साडेअठ्ठेचाळीस, बेरीज ९७. कंट्रोलर १०० चा. ऑक्टोबरमध्ये बसवला, दिवाळी छान गेली. जानेवारीत एका सकाळी फोन आला, डबा मेलाय. रात्रभर गारठलेल्या प्लेटांवर स्वच्छ ऊन पडलं, त्या तापायच्या आधीच व्होल्टेज शंभर ओलांडून गेलं. नवा कंट्रोलर माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून लेबलावरच्या बेरजेला १.१५ नं गुणल्याशिवाय मी कंट्रोलरचं नावही काढत नाही. तुमच्या ९२ चे १०६ होतात, म्हणून १५० वाला.

मग सीरिज करायचीच कशाला, पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) ठेवून १०० वाल्यावर भागवू, असं कुणीतरी म्हणेलच. भागेल, पण तुमच्या गोठ्यापासून खोलीपर्यंत पंचवीस मीटर आहेत. चार स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरला जाऊन-येऊन ५० मीटरला साधारण पाव ओहम रेझिस्टन्स असतो. पॅरललमध्ये त्यातून जवळजवळ १८ अँपिअर वाहणार, साडेचार व्होल्ट वायरीतच पडणार, तेही ३७ मधले. बारा टक्के गेले. सीरिजमध्ये तेच ९ अँपिअर, सव्वादोन व्होल्ट, आणि ते ७५ मधले, म्हणजे तीन टक्के. वायर न बदलता ऐंशी वॉटचं नुकसान वीस वॉटवर आलं. एका प्लेटवर दिवसा झाडाची सावली येत असेल तर मात्र पॅरललचा विचार करा. ते तुम्ही जागेवर बघून ठरवा. फांदी छाटणं बहुधा जास्त स्वस्त पडेल.

आणि हो, सध्याच्या निळ्या डब्यावर सीरिजचा प्रयोग चुकूनही करू नका. असले डबे बहुधा ५० व्होल्टच्या आसपासच सहन करतात, ९२ दिले तर धूरच निघेल.

पीडब्ल्यूएमला मी शिव्या देतोय असं वाटेल, पण तसं नाही. ३६ सेलची, १८ व्होल्टवर काम करणारी प्लेट आणि १२ व्होल्टची बॅटरी असेल तर तो बिनतक्रार चालतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्यावरची प्लेट ६५-७० अंशांवर जाते, तिचे १८ व्होल्ट उतरून पंधरावर येतात, बॅटरी चौदावर असते. एमपीपीटीला तिथे कमवायला उरतंच काय? मळ्यातल्या खोपटात शंभर वॉटची एक प्लेट, एक दिवा, एक मोबाइल असेल तर चांगल्यातला दहा अँपिअरचा पीडब्ल्यूएम घ्या आणि उरलेल्या पैशात वायर जाड टाका. फक्त ६० सेलची प्लेट, २४ व्होल्टची बॅटरी आणि पीडब्ल्यूएम ही तिकडी कधी जमवू नका. ३१ व्होल्टची ती प्लेट तापून २६ वर येते, बॅटरीला पूर्ण भरायला २८.८ लागतात. कागदावर सगळं जुळतं, बॅटरी मात्र उन्हाळाभर अर्धीच भरते.

आता तुमच्या बॅटरीबद्दल, कारण मला खरी शंका तिथे आहे. महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्या लेड-ॲसिड बॅटरीत सल्फेट जमतं. मग कंट्रोलर कितीही भारी लावा, ती लवकर भरल्यासारखी दाखवते आणि लवकर उतरते. बॅटरीच्या दुकानात ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर मिळतो, तो आणा. दिवसभर चार्ज झाल्यावर, दोनेक तास थांबून, सहाही सेलचं रीडिंग घ्या. भरलेल्या ट्यूब्युलरला १२४० च्या आसपास यायला हवं. सहाही सेल ११८० वर एकसारखे असतील तर बॅटरी नुसती उपाशी आहे, नवा कंट्रोलर तिला सावरेल. पाच बरे आणि एक ११०० वर असेल तर तो सेल गेलाय, आणि तुमचा पहिला खर्च कंट्रोलरचा नाही. बॅटरीत नुकतंच पाणी घातलेलं असेल तर हे रीडिंग खोटं येतं. एक-दोन दिवस चार्जिंग होऊ द्या, मगच बघा.

सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार ‘फ्लडेड’, म्हणजे पाणी घालायची बॅटरी, निवडा. निळ्या डब्यांवर तो बहुधा बी-३ असतो आणि बहुतेकांचा डबा कारखान्यातून आलाय तसा बी-१ वर, म्हणजे सीलबंद बॅटरीवरच राहतो. व्होल्टेज बॅटरीसोबतच्या कागदावरचं घाला. साधारण १४.४ पर्यंत पूर्ण चार्ज आणि नंतर साडेतेरा-पावणेचौदाचं फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारं व्होल्टेज. महिन्या-दीड महिन्यातून एकदा इक्वलायझेशन (सगळे सेल एका पातळीवर आणणारं जादा चार्जिंग), तेही पाण्याची पातळी बघून. उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर जाते तेव्हा हे व्होल्टेज तीन-चार दशांशांनी कमी व्हायला हवं. त्यासाठी बॅटरीला चिकटवायची सेन्सरची वायर असलेला कंट्रोलर मिळाला तर तोच घ्या. पुढे कधी लिथियम फॉस्फेट घेतलीत तर हे सगळं बदला: इक्वलायझेशन बंद, तापमानाची भरपाई बंद, १४.२ च्या आसपास थांबणं.

कंट्रोलर ते बॅटरी ही वायर आखूड आणि जाड ठेवा. तीन मीटरवर सहा एमएमची वायर ओढली तर ३० अँपिअरला जाऊन-येऊन ०.६ व्होल्ट पडतात. कंट्रोलरला वाटतं १४.४ झाले, बॅटरीपाशी १३.८ च असतात, आणि हा शहाणा आपला चार्जिंग आवरतं घेतो. दीड मीटर, सोळा एमएम, वायरीच्या टोकाला व्यवस्थित दाबून बसवलेले (क्रिंप केलेले) लग. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज. प्लेटकडे डीसीचा एमसीबी. घरातला एसीचा एमसीबी इथे चालत नाही, ७५ व्होल्ट डीसीची ठिणगी तो नीट तोडू शकत नाही आणि आतल्या आत वितळतो.

जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना आधी प्लेट. प्लेट आधी जोडली तर कंट्रोलर १२ आणि २४ मध्ये गोंधळतो, काही मॉडेल मरतातही. इन्व्हर्टर थेट बॅटरीवर. कंट्रोलरवरच्या बल्बचं चित्र असलेल्या टर्मिनलला तो जोडू नका, टीव्ही सुरू होतानाचा झटकासुद्धा त्या टर्मिनलला पेलवत नाही. कंट्रोलर बॅटरीच्या बरोबर डोक्यावर नको, ॲसिडची वाफ लागून दोन पावसाळ्यांत त्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. बाजूच्या भिंतीवर, ॲल्युमिनियमच्या पाठीच्या पात्या उभ्या राहतील असा, वर-खाली वीतभर मोकळी जागा सोडून लावा. वायरींच्या भोकांना कापूस किंवा सिलिकॉन भरा. पाली आणि मुंग्यांनी मारलेले कंट्रोलर मी विजेनं मारलेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत.

पावसाळ्याचं मात्र आधीच सांगून ठेवतो. तुमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचे दोन तास मिळाले तरी खूप. एमपीपीटी लावूनही तेव्हा नऊशे-हजार वॉट-तास येतील. त्या दोन महिन्यांत पंखे तसेही लागत नाहीत. टीव्ही आणि एक कॅमेरा बंद ठेवलात, इन्व्हर्टर फक्त संध्याकाळी चालवलात, तर निभेल. नाही तर तिसरी प्लेट लागेल. ती सीरिजमध्ये घेतली तर बेरीज १३८ आणि माझ्या १.१५ नं गुणलं की १५० च्या वर जाते, म्हणून तेव्हा जोडणी पुन्हा मांडावी लागेल. तिसरी प्लेट नक्की घ्यायचीच असेल तर आत्ताच सांगा, कंट्रोलर वेगळा सुचवेन.

तोवर तीन गोष्टी कळवा: सकाळी अकराचे दोन्ही बाजूंचे व्होल्टेज, सहा सेलची हायड्रोमीटरची रीडिंग आणि प्लेटच्या पाठीवरच्या लेबलाचा फोटो. लेबल उन्हानं पुसलं असेल तर दुपारी एकट्या प्लेटच्या उघड्या वायरींचं व्होल्टेज मोजा. तापलेल्या प्लेटवर ते ४० च्या आसपास येईल, आणि त्यावरून सेल किती ते मला कळेल.